दादाच्या जेवणाची वेळ

आमच्या घराण्यात बी.ए. झालेली पहिली मी. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण माझ्या शिक्षणानं घरात जो गोंधळ घातला तो वाचून कुणाला वाटेल की पोरीला शिकवलं हेच चुकलं. चुकलं नाही. आप्पा, म्हणजे माझे वडील, उसाला पाणी देत होते तेव्हा बांधावर उभं राहून मी त्यांना सांगितलं होतं की मला भूगोल घेऊन पदवी करायची आहे. आप्पा म्हणाले, "शाले, भूगोल म्हंजी गावं आन् नद्याच न्हवं? ते तर आमाला बी येतंय." तरी त्यांनी दौंडच्या कॉलेजात नाव घातलं. पुढं आयुष्यभर मी शिरूरच्या एका शाळेत भूगोल शिकवला, आणि रेखांशाचा धडा आला की दरवर्षी वर्गात एक लाल भोपळा घेऊन गेले. पोरं हसायची. हसू देत. पण त्या भोपळ्याचा पहिला प्रयोग आमच्या स्वयंपाकघरात झाला होता, आणि त्यानं घराचं जेवण पार उलटंपालटं करून टाकलं, ते आता लिहून ठेवते.

कुरकुंभहून दौंडकडं येताना उसात शिरणारा एक गाडीरस्ता होता, त्याच्या टोकाला आमची वस्ती. पत्र्याच्या तीन खोल्या, पुढं ओसरी, मागं गोठा, गोठ्यात दोन म्हशी आणि एक तापट गाय. घड्याळाची तशी कुणाला गरज नव्हती. कुरकुंभच्या एका कंपनीचा सकाळचा भोंगा झाला की आई चूल पेटवायची, पुढचा भोंगा झाला की मी वह्या छातीशी धरून एसटीकडं पळायची. वारा त्या अंगाचा असला तर दौंड स्टेशनात मालगाडीचे डबे जोडल्याचा धडाडधड आवाज वस्तीपर्यंत यायचा, आणि बनाआत्या म्हणायची, "चला, रेल्वे जेवली, आपुन बी जेवू." बनाआत्या ही आप्पांची थोरली बहीण. नवरा वारल्यावर ती आमच्याकडंच राहायला आली ती कायमची. कामाला वाघीण, आणि जिभेला विळ्याची धार. घरात तिला आई 'वन्सं' म्हणायची आणि आप्पा 'आक्का', आणि ती मात्र सगळ्यांना मनाला येईल ते म्हणायची.

जेवणाचा क्रम ठरलेला होता. आलागेला पाहुणा आधी, मग आप्पा, मग माझा थोरला भाऊ भानुदास. त्याला मी दादा म्हणते. त्यानंतर आत्या आणि मी. सगळ्यांची ताटं उचलली, म्हशींपुढं वैरण पडली, कुत्र्याला तुकडा गेला, की मग आई. "घरातलं एक बी तोंड उपाशी असलं तर माझा घास फिरतो," असं ती म्हणायची. तिला त्यात फार काही वाटायचं असं नाही. म्हैस डाव्या बाजूनं पिळू देत नाही, हे जसं सांगावं तसंच ती हे सांगायची. बाजरीची भाकरी, पिठलं, कधी हुलग्याची आमटी, शेंगदाण्याचा ठेचा. या सगळ्याचा वास तिच्या लुगड्याला आधी लागायचा आणि चव तिला सगळ्यात शेवटी मिळायची.

दादा आयटीआय करून कुरकुंभला एका कंत्राटदाराकडं फिटर म्हणून लागला होता. तिथून कुणाच्या तरी ओळखीनं तो मस्कतला गेला. जाताना आईनं त्याला इतकी शेंगदाण्याची चटणी बांधून दिली की विमानात त्याच्या शेजारच्या माणसानं वासानंच विचारलं म्हणे, "गाव कोणतं?" पंधरवड्यानं त्याचं पहिलं पत्र आलं. मी ओसरीवर बसून मोठ्यानं वाचलं. समुद्र, कॅम्प, खोलीत सहाजण, त्यातले दोन बिहारचे, एक केरळचा. सगळं वाचून झालं. आईनं त्यातलं एकच वाक्य धरून ठेवलं: आमच्या मेसमध्ये रात्री नऊला जेवण मिळतं. त्या दिवसापासून आमची सगळ्यांची जेवणं नेहमीसारखी आठला व्हायची आणि आई चुलीपाशी हात गुडघ्याला वेढून बसायची. ओसरीवरच्या रेडिओवर नऊचे ठोके पडले की म्हणायची, "जेवला आता भानू," आणि ताट ओढायची. तासाभराचा फरक. आमच्या तो ध्यानातही आला नाही.

मग कॉलेजात आमच्या सरांनी रेखांश शिकवले. आपल्याला एखादी गोष्ट नवीन कळली की ती पोटात राहत नाही, त्या वयात तर नाहीच. घरी आले, पत्र्यावरच्या वेलाचा एक भोपळा उतरवला, त्यावर कुंकवाचा ठिपका दिला ती आमची वस्ती, थोडं डावीकडं हळदीचा ठिपका दिला ते मस्कत, आणि जेवणं झाल्यावर आईला आणि आत्याला चुलीपुढं बसवून हातात बॅटरी घेतली.

"हा सूर्य," मी म्हटलं.

"त्याला शेल किती लागत्यात?" आत्यानं विचारलं.

मी तिकडं लक्ष दिलं नाही. भोपळा हळूहळू फिरवला. "आई, हे बघ, आधी कुंकवावर उजेड आला. अजून हळद अंधारातच आहे. आता हळदीवर आला. म्हणजे आपला दिवस आधी उगवतो, दादाचा मागनं. आपल्याकडं नऊ वाजतात ना, तेव्हा दादाकडं साडेसातच वाजलेले असतात."

नेमके रेडिओवर नऊचे ठोके नुकतेच पडले होते. आईच्या हातात भाकरीचा पहिला तुकडा होता. हात तोंडाजवळ गेला आणि तिथंच थांबला.

"म्हंजी आत्ता तिथं नऊ न्हाई वाजलं?"

"नाही. साडेसात."

"मंग भानू जेवला न्हाई अजून."

"नाही ना. तो जेवेल तेव्हा आपल्याकडं साडेदहा होतील."

आईनं तुकडा ताटात परत ठेवला. ताटावर दुसरं ताट पालथं घातलं. आणि मग माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की जणू मी ही खबर मुद्दाम दडवून ठेवली होती. "इतकं दिस मी पोराच्या आधी जेवत हुते," ती म्हणाली, "आन् तू हे आज सांगतीस?"

"शिकवा अजून पोरीला," आत्या म्हणाली. "उद्या म्हणंल, बाप माझ्या मागनं जल्माला आला."

मी पुढं कितीतरी वर्षं रेखांश शिकवले. पण इतकं झटकन समजून घेणारा आणि समजल्याबरोबर अंगी लावून घेणारा विद्यार्थी मला पुन्हा मिळाला नाही. भोपळ्याची दुसऱ्या दिवशी मस्कतसकट भाजी झाली. आई मात्र त्या रात्रीपासून साडेदहाला जेवू लागली. वस्ती सगळी झोपलेली असायची. मला कधी जाग आली तर आतून एका ताटाचा, एका तांब्याचा, एवढाच आवाज.

थोड्या दिवसांनी केडगावच्या एका माणसाबरोबर दादानं भिंतीवरचं घड्याळ पाठवलं. सोनेरी कडेचं, आत हिरव्या रंगात चमकणारे आकडे. दादानं सेल घालूनच पाठवलं होतं, त्यामुळं ते मस्कतची वेळ दाखवतच आमच्या घरात शिरलं. आप्पा पाटावर बसून काटे फिरवायला लागले तर आई आतून धावत आली. "हात लावू नका. ते भानूचं घड्याळ हाय." झालं. ते मांडणीच्या वर खिळ्याला टांगलं गेलं, मस्कतच्या वेळेवर. ओसरीवर रेडिओची वेळ आणि आत भानूची. आमच्या ओसरीवरून स्वयंपाकघरात जायला दोन पावलं आणि दीड तास लागायचा. वरवंडचा मामा एकदा जेवायला आला, आत घड्याळ बघून "लई टाईम हाय अजून" म्हणत आडवा झाला, आणि त्याची शेवटची एसटी गेली. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. आत्या म्हणाली, "ह्या घरात पाव्हणा येतोय वरवंडवरनं आन् मुक्काम करतोय मस्कतात."

आता माझा मुलगा कॅनडात आहे आणि माझ्या फोनवर दोन्हीकडच्या वेळा शेजारी शेजारी दिसतात. तो शेवटचा कधी जागा होता हेसुद्धा फोन सांगतो. आईच्या हातात हा फोन पडला असता तर तिचं जेवण कधी झालंच नसतं. मी सकाळी उठून मुलाला लांबलचक मजकूर पाठवते, तेव्हा तो झोपायच्या तयारीत असतो, आणि उत्तर म्हणून एक अंगठा येतो. बनाआत्या डेअरीच्या कागदावर अंगठा उठवायची, कारण तिला लिहिता येत नव्हतं. हा पोरगा इंजिनिअर आहे.

तर डेअरी. गावच्या दूध डेअरीत फोन होता, आणि दादाला वस्तीतली माणसं ठरावीक वेळी सापडतील अशी ती एकच जागा होती. संध्याकाळचं दूध घालायला आई रोज किटली घेऊन जायची. मस्कतला शुक्रवारी सुट्टी, म्हणून महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या शुक्रवारी दुधाच्या वेळेला फोन वाजायचा. फॅट बघणारे मोहनमामा हातातली बाटली खाली न ठेवता ओरडायचे, "वैनी, मस्कत आलं!" आणि सगळी रांग किटल्यांसकट फोनच्या बाजूला सरकायची. आई रिसीव्हर दोन्ही हातांनी धरायची आणि मस्कत लांब आहे म्हणून तेवढ्या मोठ्यानं बोलायची.

"भानू! जेवलास का रं?"

आवाज आकाशातून जाऊन यायचा, त्यामुळं मधे एक पोकळी पडायची. आई त्या पोकळीला घाबरायची आणि पुन्हा ओरडायची, तेवढ्यात तिकडून उत्तर यायचं, आणि दोघांची बोलणी एकमेकांवर आपटायची.

"आई, आत्ता दुपारचे चार वाजल्यात हितं. दुपारचं जेवलो. रातचं अजून न्हाई."

"अजून न्हाई म्हणतोय," आई रांगेकडं वळून म्हणायची. तिचं तोंड उतरायचं.

"वैनी, जरा हळू बोला," मोहनमामा म्हणायचे, "न्हाईतर फोनचं काम काय ऱ्हातंय? असंच ऐकू जाईल त्याला."

वर्षभर हे चाललं. मग एका संध्याकाळी म्हैस पिळताना आईला चक्कर आली. चरवी उलटली, आई गोठ्यातच बसली, आणि तिला काळी उलटी झाली. आप्पांनी शेजारच्यांची जीप बोलावून तिला दौंडला नेलं. डॉक्टरांनी तपासलं, पोटात जखम झाली आहे म्हणाले. फार वेळ उपाशी राहायचं नाही, दिवस मावळायच्या आत जेवायचं, नाहीतर ही जखम फुटेल आणि पुण्याला नेऊन ऑपरेशन करावं लागेल. "गोळ्या मी देतो," ते आईला म्हणाले, "पण घास तुमचा तुम्हालाच घ्यावा लागेल, बाई." आई "व्हय" म्हणाली. येताना जीपमध्येही "व्हय" म्हणाली. आणि त्याच रात्री ताटावर ताट पालथं घालून घड्याळाकडं बघत बसली.

आप्पा रागावले. आत्यासुद्धा म्हणाली, "अगं भागे, मरशील." आई म्हणायची, "जेवायला बसते, पर उतरतच न्हाई, त्याला मी काय करू?" मग मी दादाला सगळं पत्रानं कळवलं आणि लिहिलं की आता तूच काहीतरी थाप मार. पुढच्या शुक्रवारी फोन आला.

"आई, आमच्या मेसची वेळ बदलली. आता सहालाच जेवाण मिळतंय."

आईचा चेहरा क्षणभर उजळला. मग तिनं विचारलं, "आन् ड्युटी कवा सुटती?"

"आठला."

"आठला सुटून सहाला कसा जेवतोस रं?"

पोकळी. नेहमीपेक्षा मोठी. मोहनमामांनी आईच्या हातातला रिसीव्हर आपल्या तोंडाकडं ओढला. "भानुदास, लई पाणी घातलंस रं! फॅट लागंना!" रांग खो खो हसली. आई हसली नाही.

तिची प्रकृती उतरत चालली होती. ब्लाउज सैल झाले. भाकरी थापताना मधेच एका हातानं पोट धरायची. मला वाटायचं, माझा भोपळा बरोबर आहे, सूर्य बरोबर आहे, तरी आई अशी का? शिकलेल्या माणसाला वाटतं की खरं सांगितलं की काम झालं. खरं सांगितल्यावर समोरचा त्याचं काय करील, हे पुस्तकात नसतं.

अशात दादाच्या कंपनीनं त्याला दुसऱ्या कामावर सिंगापूरला पाठवलं. पत्र आलं ते मी बांधावरच फोडलं, आणि उभ्या उभ्या मनात गणित केलं, आणि पळत घरी आले. पाट ओढला, चढले, घड्याळ उतरवलं.

"काय करतीस?" आई ओरडली.

"दादा सिंगापूरला गेला. ते आपल्या उगवतीला आहे. आता त्याचा दिवस आपल्या आधी सुरू होतो." मी काटे फिरवायला लागले. एक तास, दोन तास, तीन, चार. आई तोंडाला पदर लावून बघत होती.

"मधलं चार तास कुठं गेलं?"

"कुठं जात नाहीत. आई, ऐक. तिथली मेस सातला उघडते, नऊला बंद होते. सातला तो जेवतो ना, तेव्हा आपल्याकडं साडेचार वाजलेले असतात. दुपारचे साडेचार! म्हणजे आपली दुपार सरायच्या आत दादा रात्रीचं जेवून मोकळा!"

मला वाटलं, सुटलो. डॉक्टरांचं म्हणणं, दादाचं पोट आणि आईचा नेम, तिन्ही एका रेघेत आले. पण आईची नजर दारातून उसाकडं गेली. बाहेर धान्य पाखडत बसलेल्या आत्याचं सूप थांबलं होतं.

"आन् ह्ये?" आई म्हणाली. 'ह्ये' म्हणजे आप्पा. आप्पा अंधार पडल्यावर उसातून यायचे.

"किसनाच्या आधी जेवणार व्हय तू?" आत्या दारात आली. "बग बाई. सिंगापुरात काय चालत आसंल ते आसंल. हितं नवरा रानात आन् बायकू ताटावर, हे म्या कवा बघितलं न्हाई."

इतके दिवस आईचे दोन नेम एकाच दिशेनं चालत होते. पोरगा जेवल्यावर, आणि नवरा जेवल्यावर. सिंगापूरनं ते दोन टोकांना नेऊन ठेवले. एकाप्रमाणं ती साडेचारला मोकळी होती, दुसऱ्याप्रमाणं आठपर्यंत बांधलेली. ती आठपर्यंत थांबली. मस्कतपेक्षा बरं, पण डॉक्टरांनी सांगितलेलं दिवसाउजेडी जेवण काही होईना, आणि पोट दुखायचं थांबेना.

मी आप्पांकडं गेले. ते मोटारीपाशी पाइप जोडत होते. "आप्पा, तुम्ही आईला सांगा ना, माझी वाट बघू नको म्हणून."

"मी कवा म्हणलं वाट बघ?"

"पण जेव असं तरी कवा म्हणलंत?"

आप्पांनी पाइप खाली ठेवला. "आता म्हणायचं काय त्यात? ती काय लहान हाय?" मग बराच वेळ ते त्या सांध्याला सुतळी गुंडाळत राहिले. संध्याकाळी घरी आल्यावर ओसरीवरूनच खाकरून म्हणाले, "माझ्यासाठनं कुणी थांबत जाऊ नगा." कुणी म्हणजे कोण, हे काही त्यांच्या तोंडून निघालं नाही. आईनं ते ऐकलं आणि नेहमीसारखं त्यांना आधी वाढलं.

सिंगापूरला रविवारी सुट्टी. एका रविवारी दुधाच्या वेळी फोन वाजला. मी आईबरोबर होते. मोहनमामा ओरडले, "वैनी, सिंगापूर!" आईनं रिसीव्हर धरला.

"भानू! जेवलास का रं?"

"जेवलो, आई. आत्ताच ताट धुऊन आलो."

इतक्या दिवसांत या प्रश्नाला तिला हे उत्तर पहिल्यांदाच मिळालं होतं. ती रांगेकडं वळली. "जेवला," ती म्हणाली, आणि रांगेतल्या दोघा-तिघांनी "बरं झालं" म्हणून माना हलवल्या. तेवढ्यात तिकडून दादाचा आवाज आला.

"आन् तू?"

"मी जेवीन की."

"कवा?"

"तुजं आप्पा आल्यावर."

पोकळी पडली. ती जाईपर्यंत आईनं पदर दोनदा सावरला. मग दादा बोलला, आणि तो मुद्दाम मोठ्यानं बोलला, कारण त्याला रांग माहीत होती. "आई, मी जेवून बसायचं आन् तू उपाशी? हे मला चालणार न्हाई. उद्यापासनं तू जेवल्याबिगर मी जेवणार न्हाई. तू आठला जेवतीस तवा हितं साडेधा वाजत्यात. मेस नऊला बंद हुती. मंग मी उपाशीच झोपंन."

"आरं पर..."

"पर न्हाई न् बिर न्हाई. घरातलं एक बी तोंड उपाशी आसलं तर माझा बी घास फिरतो."

रांगेत कुणी हसलं नाही. मोहनमामांनी बाटली खाली ठेवली. "वैनी," ते म्हणाले, "आता तुमी जेवला न्हाईसा तर पोरगं तिकडं उपाशी. ह्ये तुमच्यावरच आलं." आईनं माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावली. गणित बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी साडेचारला, म्हणजे भिंतीवर सात वाजता, आईनं ताट वाढून घेतलं. उन्हाचा पट्टा चुलीपर्यंत आला होता. आत्या उठून गोठ्यात गेली आणि आम्हाला ऐकू जाईल अशा बेतानं म्हशीला म्हणाली, "तू तरी मालक आल्याबिगर खाऊ नगंस, बाई." आई एक डोळा दारावर ठेवून भराभरा जेवली आणि आप्पा यायच्या कितीतरी आधी ताट घासून पालथं घातलं. असंच रोज. आप्पा अंधार पडल्यावर आले की ती वाढायची आणि दाराशी उभी राहायची, कुठं काही बदललं नाही अशा थाटात. महिन्याभरात तिचं पोट शांत झालं. दौंडच्या डॉक्टरांनी विचारलं, "काय केलंत?" आई म्हणाली, "पोराची बदली झाली."

एक दिवस लाइट लवकर गेली आणि मोटार बंद पडली. आप्पा पाय धुवायला गोठ्याकडून मागच्या दारानं आले. आई ताटावर होती. मी कोपऱ्यात तांदूळ निवडत होते. आई एकदम उठायला गेली, तोंडात घास, हात उष्टा, पदर सावरायचा तर दुसऱ्या हातात ताट.

"बस," आप्पा म्हणाले.

ती अर्धवट उठलेली तशीच.

"बस म्हणलं न्हवं."

बसली. आता आप्पा ओसरीवर जातील असं आम्हाला वाटलं. ते गेले नाहीत. ओल्या पायांनी उंबऱ्यावर टेकले आणि बघायला लागले. आईच्या गालात घास तसाच.

"गिळ की."

"तुमी बघताय."

"मंग? बघू नगं?"

आईनं घास गिळला. काही इलाज नाही म्हटल्यावर ती तिच्या पद्धतीनं जेवायला लागली. तिची पद्धत अशी: भाकरीचा वरचा पातळ पापुद्रा अलगद सोलायचा आणि बाजूला ठेवायचा. खालचा जाड भाग पिठल्याबरोबर संपवायचा. आणि सगळ्यात शेवटी तो पापुद्रा तेल-मीठ लावून, चवीचवीनं, डोळे बारीक करून खायचा.

"त्यो टाकून देतीस व्हय?" आप्पांनी विचारलं.

"टाकते कशाला? मागनं खाते."

"मागनं का?"

"आवडतो म्हणून."

"कवापास्नं?"

"म्हायेरी हुते तवापास्नं."

आपल्या रानाला लागून कुणीतरी विहीर खणली आणि आपल्याला पत्ताच नाही, असा आप्पांचा चेहरा झाला होता. बाहेरून आत्या आली, आणि दारातच थबकली. "किसना! बायकू जेवती आन् तू उंबऱ्यात बसून बघतूस? लाज हाय का?"

"बघू दे की, आक्का," आप्पा तिच्याकडं न बघता म्हणाले. "पहिल्यांदाच बघतुया."

पुढच्या रविवारी दुधाची किटली आप्पांनी उचलली. आई आणि मी मागून चाललो. आप्पांना फोनचं वावडं होतं. कधी रिसीव्हर पुढं केला तर "तिला द्या, मी काय बोलू" म्हणून मागं सरायचे. त्या दिवशी घंटी वाजली आणि मोहनमामांच्या आधी त्यांनीच हात पुढं केला.

"भानुदास?"

"आप्पा? काय झालं? आई कुठं हाय?"

"हितंच हाय. जेवून आलीया." आप्पांनी घसा साफ केला. "आरं, तुझी आई भाकरीचा पापुद्रा सोलून ठेवती, आन् शेवटाला खाती. तेल-मिठाशी."

पोकळी. रांग पुढं सरकली.

"व्हय की, आप्पा."

"तुला म्हाईत हाय?"

"म्हाईत हाय म्हंजी? ल्हानपणी त्यातला अर्धा मलाच मिळायचा. अर्धा शालीला."

आप्पांनी वळून माझ्याकडं बघितलं. मी किटलीचं झाकण घट्ट करू लागले.

"आन् मला कसं कुणी सांगितलं न्हाई?"

आवाज सिंगापूरला गेला आणि परत यायला त्यानं नेहमीचाच वेळ घेतला. आप्पा रिसीव्हर कानाशी दाबून उभे होते.

"तुमी तवा जेवून झोपल्यालं असायचा, आप्पा."

मोहनमामा दुधाच्या बाटलीकडं बघत राहिले. आप्पांनी दोनदा मान हलवली, जणू दादाला ती दिसणार होती. मग रिसीव्हर आईच्या हातात देत म्हणाले, "उद्यापास्नं मोटार साडेचारलाच बंद करतो."

"काय नगं," आई म्हणाली. "ऊस वाळंल."

रिसीव्हर कानाला लावता लावता ती आप्पांकडं वळली.

"आयतवारी तेवढं लवकर या."